मीडची गोडी: आधी कोरडी करा, मग मोजून गोड करा

मध, पाणी आणि यीस्ट एवढ्यावर होणारं मद्य म्हणजे मीड. कृती सोपी आहे. फसते ती गोडीपाशी. गोड हवी म्हणून नवखे लोक सुरुवातीलाच मध वाढवतात. मग एकतर यीस्ट तो सगळा खाऊन टाकतं आणि मीड नुसतीच कडक होते, नाहीतर जास्तीच्या साखरेत यीस्ट मधेच थकतं आणि हाती काकवी येते. म्हणून इथे मीड आधी पूर्ण कोरडी, म्हणजे साखर न उरलेली, करायची आहे, गोडीचा निर्णय शेवटी.

आधी कायद्याचं. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, घरच्यापुरतं केलं तरी. ही कृती आहे घरगुती मद्याला मुभा असलेल्या देशांत राहणाऱ्यांसाठी. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलनपर्यंत सूट आहे. विक्री मात्र कुठेच करू नका.

साहित्य (५ लिटरसाठी)

- मध दीड किलो, न तापवलेला आणि भेसळ नसलेला
- क्लोरीनविरहित पाणी, सुमारे ४ लिटर
- लाल्विन ७१बी यीस्ट, ५ ग्रॅमचं एक पाकीट
- फर्मेड-ओ हे यीस्टचं खाद्य, साडेचार ग्रॅम
- ७-८ लिटरची बरणी, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं झाकण), हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारं उपकरण), नळी
- ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा
- पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि पोटॅशियम सॉर्बेट (शेवटी मीड स्थिर करण्यासाठी)

आंबवणं

मिश्रणाला लागणारी प्रत्येक वस्तू आधी धुऊन मग निर्जंतुक करा. मध घट्ट असेल तर बाटली कोमट पाण्यात ठेवा. मध उकळू नका. उकळला की फुलांचा वास वाफेबरोबर उडतो, आणि मीडमध्ये जपायचं ते तेवढंच असतं. मध बरणीत ओता, एकूण मिश्रण ५ लिटर होईल इतकं पाणी घाला आणि फेस येईपर्यंत पाच मिनिटं जोरात ढवळा. या टप्प्यावर यीस्टला प्राणवायू हवा असतो. हायड्रोमीटर सुमारे १.०८८ दाखवेल. हा आकडा लिहून ठेवा.

पाकिटावर सांगितल्याप्रमाणे यीस्ट कोमट पाण्यात भिजवून मिसळा, एअरलॉक लावा आणि बरणी १८-२० अंश सेल्सियसला अंधारात ठेवा.

मधात नत्र फारच कमी असतं. उपाशी यीस्ट सडक्या अंड्यासारखा वास सोडतं. म्हणून फर्मेड-ओचे चार समान भाग करा: २४, ४८ आणि ७२ तासांनी एकेक, आणि घनता १.०६० च्या आसपास आली की चौथा. त्याला सात दिवसांहून जास्त लागत असतील तर सातव्या दिवशीच घाला. प्रत्येक वेळी आधी हळूहळू ढवळून वायू बाहेर काढा. तसं न करता कोरडी पूड टाकली तर फेस उसळून सगळं ओट्यावर येतं.

दोन ते चार आठवड्यांत घनता १.००० च्या खाली उतरते. एका आठवड्याच्या अंतरानं घेतलेले दोन आकडे सारखे आले, तरच किण्वन, म्हणजे आंबणं, संपलं असं समजा. एअरलॉकमधले बुडबुडे थांबणं हा पुरावा नव्हे. ०.९९८ ला थांबली तर मद्यांश जवळपास १२ टक्के. आता नळीनं वरचं द्रव दुसऱ्या, लहान बरणीत घ्या, गाळ हलू देऊ नका. बरणी गळ्यापर्यंत भरलेली हवी, वर पोकळी राहिली की हवेनं चव उतरते. पुढे महिना-दोन महिने नितळू द्या.

स्थिर करणं

कोरड्या मीडमध्येही जिवंत यीस्ट असतं. त्यावर मध घालून बाटली बंद केली तर आत पुन्हा वायू तयार होतो आणि काच फुटते. हा धोका खरा आहे, त्यामुळे ही पायरी गाळू नका. ५ लिटरला ०.४४ ग्रॅम मेटाबायसल्फाइट आणि सव्वा ग्रॅम सॉर्बेट विरघळवून घाला आणि एक दिवस थांबा. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त त्याची संख्या वाढू देत नाही; म्हणून ते गढूळ, अजून आंबणाऱ्या मीडमध्ये चालत नाही. मेटाबायसल्फाइटशिवाय एकटं सॉर्बेट घातलं तर काही जिवाणू त्याचं रूपांतर जिरेनियमच्या पानांसारख्या वासात करतात, आणि तो वास जात नाही. दम्याच्या रुग्णाला देण्याआधी सल्फाइटबद्दल सांगा.

गोडी ठरवणं

चार पेल्यांत ५०-५० मिलिलिटर मीड घ्या आणि १, २, ३ व ४ ग्रॅम मध विरघळवा. पेले फार गार नकोत, गारव्यात गोडी कमी जाणवते. आवडलेल्या पेल्यातला मध उरलेल्या मीडच्या प्रमाणात वाढवा: गाळ आणि चाचणी वजा जाता ४ लिटर उरली असेल तर ८० ने गुणा. म्हणजे २ ग्रॅमचा पेला आवडला तर १६० ग्रॅम. या प्रमाणानं घनता सुमारे ०.०१२ ने वाढेल. मीडच्या स्पर्धांच्या ढोबळ हिशेबात घनता १.०१० पर्यंत असेल तर कोरडी, १.०१० ते १.०२५ मध्यम, त्यापुढे गोड.

ठरलेल्या मधाच्या तीन चतुर्थांशच आधी घाला, चाखा, मग उरलेला. घातलेला मध काढता येत नाही, आणि पाणी घालून पातळ केलं तर चवही पातळ होते. फारच गोड झाली तर एखादी कोरडी मीड मिसळणं हाच चांगला उपाय. पुष्कळदा मात्र दोष गोडीचा नसून आंबटपणाच्या अभावाचा असतो. चव बोथट लागली तर लिटरला अर्धा ग्रॅम टार्टारिक आम्ल घालून पाहा, तोच मध एकदम उठून लागतो.

मध घातल्यावर मीड गढूळ होते, काही आठवड्यांत पुन्हा निवळते. तोवर एअरलॉक ठेवा. मध घातल्यावरची घनता आणि दोन आठवड्यांनंतरची घनता सारखी असेल तर बाटल्या भरा. थोडीही उतरली असेल तर बाटलीला हात लावू नका. किण्वन पुन्हा सुरू झालं आहे, ते पूर्ण संपू द्या आणि स्थिर करण्यापासून परत सुरुवात करा.