कम्युनिटी कॉलेज: मसाजचा वर्ग, पायाभूत गणित आणि स्वतःच्या नावाचे कागद

गणपतीच्या आरतीनंतर दरवर्षी एच-फोरवर, म्हणजे एच-वन या नोकरीच्या व्हिसावाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, अमेरिकेत आलेलं कुणीतरी विचारतंच, "ताई, एच-फोरवर घरी बसून कंटाळा आलाय, कॉलेजला नाव घालू का?" घाला की! पण उशीर केलात. बहुतेक कम्युनिटी कॉलेजांचं, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांचं, फॉल सेमिस्टर ऑगस्टच्या उत्तरार्धातच सुरू होतं. डी अँझा, फूटहिल ही क्वार्टरवाली (सेमिस्टरपेक्षा छोटी सत्रं असलेली) कॉलेजं सप्टेंबरच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे तिथे अजून जागा मिळू शकते. पुढचं सगळं कॅलिफोर्नियापुरतं आहे. टेक्सास-न्यू जर्सीवाल्यांनी आपापल्या राज्याचे नियम बघावेत.

प्रवेश सोपा आहे. अठरा वर्षं पूर्ण असली की झालं. प्रवेश परीक्षा नाही, डोनेशन नाही. सीसीसीअप्लाय या वेबसाइटवर अर्ज करायचा, तो फुकट असतो.

व्हिसाचं थोडक्यात. एच-फोरवर शिकायला वेगळी परवानगी लागत नाही. एच-वनवाल्यांनाही नोकरी सांभाळून वर्ग घेता येतो. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावाल्यांनी मात्र आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जावं. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना बी-टू या पाहुण्यांच्या व्हिसावर क्रेडिटच्या (डिग्रीत धरल्या जाणाऱ्या) वर्गात घालू नका. त्यांना वेळ घालवायला लायब्ररी आहे, सिनियर सेंटर आहे.

आता पैसे. राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला (युनिट म्हणजे विषय किती मोठा ते मोजायचं माप) 46 डॉलर पडतात, म्हणजे तीन युनिटांच्या विषयाला 138. क्वार्टरच्या कॉलेजात युनिटला 31. वर आरोग्य शुल्क आणि पार्किंग. रहिवासी ठरला नाहीत तर त्यावर आणखी नॉन-रेसिडेंट शुल्क बसतं. ते कॉलेजागणिक वेगळं असलं तरी बहुतेक ठिकाणी युनिटला तीनशे डॉलरच्या वरच असतं. मग तोच 138 चा विषय हजाराच्या पुढे जातो.

आपल्या बायका नेमक्या इथेच अडकतात. एच-फोरवाल्यांना कॅलिफोर्नियात रहिवासी ठरता येतं, एफ-वन आणि बी-टूवाल्यांना नाही. अट अशी, की सत्र सुरू होण्याआधी वर्षभर आणि एक दिवस तुम्ही इथे राहिलेल्या असायला हव्यात आणि इथेच राहायचा इरादा कागदावर दिसायला हवा. राहिलेल्या सगळ्याच असतात, कागद कुणाकडेच नसतात. लीज नवऱ्याच्या नावावर, बँक खातं नवऱ्याचं, गाडी, वीज, फोन सगळं त्याचंच. मग कॉलेजच्या खिडकीवर लग्नाचं सर्टिफिकेट दाखवून "आम्ही एकत्रच राहतो" म्हणायचं. ते पुरेल या भरवशावर राहू नका. म्हणून विमानातून उतरल्यावर पहिल्याच महिन्यात लीजवर आपलं नाव घाला. बँकेत संयुक्त खातं उघडा आणि त्याची स्टेटमेंट्स जपा. कॅलिफोर्नियाचं ड्रायव्हिंग लायसन्स काढा, ते सोशल सिक्युरिटी नंबर नसतानाही मिळतं. राज्याचा टॅक्स भरताना संयुक्त रिटर्नवर तुमचं नाव असू द्या. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर आयटीआयएन, म्हणजे टॅक्ससाठीचा वेगळा नंबर, काढा. "आमचं सगळं हेच बघतात" हे वाक्य मी मंडळात इतक्यांदा ऐकलंय! बघू देत, पण नाव दोघांचं हवं.

आणखी एक. रहिवासाच्या पुराव्यांच्या यादीत मतदार नोंदणीही असते. तिला हात लावायचा नाही. लायसन्सच्या अर्जावरही तो प्रश्न येतो, तिथे नागरिक नसल्याचंच उत्तर द्यायचं. नागरिक नसताना मतदार म्हणून नाव नोंदवलं तर ग्रीन कार्डच काय, इथे राहणंही धोक्यात येतं.

मसाज शिकते म्हटलं की आपल्या लोकांच्या भुवया वर जातात. डेटा सायन्सच्या बूटकँपवर हजारो डॉलर घालवणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही. हे मालीशवालीचं काम म्हणून कमी आणि ते लॅपटॉपचं म्हणून थोर, ही आपली पेठेतली प्रतवारी इथे कस्टममध्येच सोडून यायला हवी होती. शरीरशास्त्र, स्नायूंची नावं, स्वच्छता, धंद्याची नीती असं सगळं मसाजच्या वर्गात येतं. सीएएमटीसी या संस्थेच्या प्रमाणपत्रासाठी मान्यताप्राप्त शाळेतलं 500 तासांचं शिक्षण लागतं. त्यातले किमान 100 तास वर सांगितलेल्या अशा विषयांचे. बोटांचे ठसेही घेतात. राज्याच्या कायद्यानं हे प्रमाणपत्र ऐच्छिक आहे, पण अनेक शहरं ते मागतात. त्यामुळे नाव घालण्याआधी शाळा सीएएमटीसीच्या यादीत आहे का ते बघा. कॉलेज सरकारी आहे म्हणून गृहीत धरू नका.

नवऱ्याची नोकरी राज्याबाहेर गेली तर तासांचा हिशेब बदलतो. न्यूयॉर्कला 1000 तास लागतात, टेक्सासला 500, आणि बऱ्याच राज्यांत एमब्लेक्स नावाची परीक्षा असते. विषयवार तास लिहिलेला ट्रान्सक्रिप्ट आणि अभ्यासक्रमाची प्रत शाळा सोडतानाच घ्या.

वर्गात एकमेकांवर सराव करावा लागतो. अंगावर चादर असते, जिथे काम चालू आहे तेवढाच भाग उघडा करतात आणि नको असेल तर नको म्हणता येतं. पुरुष जोडीदार नको असेल तर शिक्षकांशी पहिल्याच दिवशी बोला. काही ऐकतात. पण ज्यांना पुढे यातच काम करायचंय त्यांनी सगळ्या प्रकारच्या अंगांची सवय करून घ्यावी. नखं कापलेली हवीत, बांगड्या-अंगठ्या घरी. जोर अंगठ्यांनी लावायचा नाही. टेबलाची उंची नीट ठेवून अंगाचं वजन आणि कोपरापासूनचा हात वापरायचा, नाहीतर हात लवकर निकामी होतात. बदामाचं तेल लावण्याआधी नट्सची अ‍ॅलर्जी विचारायची.

बाळंतिणीला चोळणाऱ्या बायका घरी पाहिलेल्या असल्यामुळे आपल्याला वाटतं, यात शिकण्यासारखं काय आहे? इथे तेलाच्या आधी प्रश्न येतात: ताप आहे का, रक्त पातळ करायचं औषध चालू आहे का, एकाच पोटरीला सूज आहे का. बाळंतपणानंतरचे साधारण सहा आठवडे पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. अशा वेळी पोटऱ्या जोरात रगडणं जिवावर बेतू शकतं. कुठे हात लावायचा नाही, हे मला या शिक्षणातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

आणि पैसे. एच-फोरवर ईएडी (काम करायचा परवाना) नसेल तर एक डॉलरही घ्यायचा नाही. टिप नाही, झेल (Zelle) या अ‍ॅपवरून पैसे नाहीत, "मी तुझी मुलं सांभाळते, तू माझी पाठ चोळ" हेही नाही. ईएडीसाठी साधारणपणे जोडीदाराचं आय-140 (ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा अर्ज) मंजूर असावं लागतं. एल-टूवाल्या (कंपनीने बदली करून आणलेल्यांच्या) जोडीदारांना आय-94 या प्रवेशाच्या नोंदीवर एल-टू-एस असेल तर काम करता येतं. "लायसन्सची गरज नाही, रोख पगार, लगेच या" अशा स्पाच्या जाहिरातींकडे ढुंकूनही बघू नका. तिथे पोलिसांची धाड पडली की मालक पळतो आणि यादीत नाव तुमचं येतं.

गणिताचं. मसाजच्या प्रमाणपत्राला बहुतेक ठिकाणी गणित लागत नाही, दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीला लागतं. 2017 च्या एबी 705 कायद्यानंतर जुन्या प्लेसमेंट परीक्षा गेल्या. आता शाळेच्या गुणांवरून वर्ग ठरतो, आणि शाळा परदेशातली असेल तर बहुधा एक प्रश्नावली देऊन तुम्हालाच ठरवायला सांगतात. तिथे खरं लिहा. दहा-बारा वर्षांत वही उघडलेली नसताना "गणित आपल्या रक्तात आहे" म्हणून थेट कॅल्क्युलसला बसलेले मी पाहिलेत. मिडटर्मनंतर ते दिसत नाहीत. विज्ञान, कॉम्प्युटर किंवा बिझनेसकडे जायचं नसेल तर स्टॅटिस्टिक्स घ्या. जोडीला मदतीचा वर्ग देत असतील तर लाज न बाळगता घ्या. अगदी अपूर्णांकांपासून सुरुवात करायची असेल तर नॉन-क्रेडिट वर्ग बघा, त्यांना शिकवणी शुल्क नसतं. मराठी माध्यमातून आलेल्यांना रीत येते, पण मसावि-लसाविची इंग्रजी नावं अडवतात. आठवड्याभरात तेही जमतं. उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या लिहिल्या नाहीत तर गुण कापतात.

वर्ग सोडायचा असेल तर पोर्टलवर जाऊन ड्रॉप करा. नुसतं जाणं बंद करू नका. पैसे परत मिळण्याची तारीख पहिल्या दोनेक आठवड्यांतच संपते. त्यानंतर काही काळ डब्ल्यू (वर्ग सोडल्याचा शेरा) मिळतो, तीही मुदत चुकली की एफ, म्हणजे नापास. फी थकली तर पुढच्या सत्राची नोंदणीही अडते. प्राध्यापकांना ईमेल केली म्हणजे ड्रॉप झालं असं होत नाही. पोर्टलवर करा, आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

डिसेंबरची भारताची तिकिटं फायनल परीक्षेची तारीख बघूनच काढा. ग्राफिंग कॅल्क्युलेटर विकत घेण्याआधी कॉलेजच्या लायब्ररीत विचारा, पुष्कळ ठिकाणी सत्रभर उसना देतात. पण पहिल्याच आठवड्यात जा, ते लवकर संपतात.