ऑपरेटरचा सेटर व्हायचंय? आखणी आधी, कोर्स नंतर

नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत व्हीएमसीवर (धातू कापणाऱ्या संगणकचालित उभ्या मशीनवर) लागलेल्या बहुतेक पोरांना थेट प्रोग्रामर व्हायचं असतं. मधली सेटरची, म्हणजे टूल आणि जॉब (कापायचा पार्ट) बसवून मशीन जुळवून देणाऱ्याची, पायरी कुणी मोजतच नाही, आणि गाडी तिथेच अडते.

आधी वहीत एक ओळ लिहा, मशीन आणि मुदतीसकट: ‘दोन वर्षांत व्हीएमसीचा सेटर.’ ‘चांगली नोकरी’ लिहिलंत तर कुणाला काय विचारणार?

मग तीन माणसं हेरा: तुमच्यापुढे दोन-तीन वर्षं असलेला सेटर, एक प्रोग्रामर आणि क्वालिटीतला एक जण. या तिसऱ्याकडे सहसा कुणी जात नाही, पण जॉब कशामुळे रिजेक्ट होतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. मॅनेजरसाहेबांना सध्या राहू द्या. ते वीस वर्षांपूर्वी ज्या वाटेनं आले ती आता उरलेली नाही.

पाळी सुटल्यावर चहाला गाठा, वीस मिनिटं पुरतात. ‘मार्गदर्शन करा’ म्हणालात तर ‘मेहनत कर’ एवढंच ऐकून परताल. त्यापेक्षा विचारा, ‘दादा, एकट्यानं पहिलं सेटिंग केलंत तेव्हा काय चुकलं?’ मग खरं बाहेर येतं: टूल बदलला, हाइट ऑफसेट (मशीनमध्ये भरलेलं टूलच्या लांबीचं माप) जुनाच राहिला, टूल जॉबमध्ये घुसला. म्हणजे ऑफसेट तुमच्या यादीत.

त्याच रात्री टिपून ठेवा: काय शिकले, कुणाकडून, किती महिन्यांत. दोघांच्या तोंडी आलेली गोष्ट आधी घ्या. एकालाच लाभलेली संधी बहुधा ओळखीतून मिळालेली असते. तिच्यावर आखणी बेतू नका.

आता तीन-तीन महिन्यांचे टप्पे पाडा. पहिला मोजमापाचा. ०.०१ मिमीच्या मायक्रोमीटरनं एकच पार्ट एकाच जागी पाच वेळा मोजा. दर वेळी वेगळं रीडिंग येत असेल तर आधी हात तपासा: टोकाचं रॅचेट (ठरावीक दाबानंतर टिकटिक करणारी कळ) सोडून थिंबल (फिरती नळी) आवळलं की माप कमी भरतं. दुसरा ड्रॉइंग आणि टॉलरन्सचा (मापात चालणाऱ्या फरकाचा), तिसरा सेटरशेजारी उभं राहून ऑफसेटचा. प्रोग्रामिंगचा क्लास त्यानंतर. मशीन कळण्याआधी भरलेली फी बहुतेक वाया जाते.

दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड झाला असेल तर अटी पाहून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पण पाळी सांभाळून हजेरी कशी भरायची, हे नोकरी करत डिप्लोमा केलेल्यालाच विचारा.

टप्पा संपला की वही घेऊन त्याच सेटरकडे जा. सांगितलेलं केलंय हे दिसलं, तर पुढच्या सेटिंगला तो स्वतःहून हाक मारेल.