‘आठवडा झाला, फरक नाही’: मानसिक आजाराची औषधं घेताना या चुका टाळा

नैराश्यावरची गोळी पहिल्याच दिवशी मेंदूत पोहोचते आणि काही तासांत तिचं रासायनिक काम सुरूही होतं. मनाला उभारी यायला मात्र दोन ते चार आठवडे जातात, पूर्ण गुण यायला कधी सहा-आठ. औषधाचा वेग वेगळा, मेंदूचा वेगळा. गोळ्या घेणाऱ्यांच्या बऱ्याचशा चुका या फरकापाशीच होतात.

आठव्या दिवशी निकाल लावणं

सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, फ्लुऑक्सेटिन ही एसएसआरआय गटातली औषधं. चेतापेशी निरोप देताना सेरोटोनिन सोडते आणि काम झालं की ते परत आत ओढून घेते. ही औषधं तो परतीचा रस्ता अडवतात, म्हणून दोन पेशींमधल्या फटीत सेरोटोनिन जास्त वेळ टिकतं. पण सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशीवरच असे काही रिसेप्टर, म्हणजे रसायन ओळखणारे भाग, असतात की सेरोटोनिन वाढल्याचं त्यांना लगेच कळतं, आणि ते पेशीला हात आखडता घ्यायला लावतात. हे रिसेप्टर बोथट व्हायला काही आठवडे लागतात. पेशींमधल्या जोडण्या बदलतात त्याही हळूहळूच. गुण उशिरा का येतो याचं हे आजवरचं बऱ्यापैकी पटणारं उत्तर आहे. सगळं कोडं सुटलंय असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर जरा जपून ऐकावं.

साइड इफेक्ट मात्र आठवडे थांबत नाहीत. शरीरातलं जवळजवळ ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं, त्यामुळे मळमळ आधी सुरू होते. सोबत डोकेदुखी, बेचैनी, झोपेची गडबड. म्हणजे पहिल्या आठवड्यात त्रास तेवढा पदरात पडतो, फायदा शून्य, आणि नेमकी तेव्हाच गोळी बंद केली जाते. यातला बराचसा त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतो.

एका गोष्टीत मात्र वाट पाहायची नाही. बेचैनी असह्य झाली किंवा स्वतःला संपवण्याचे विचार आले, वाढले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने याबद्दलचा ठळक इशारा २००४ मध्ये मुलं आणि किशोरवयीनांसाठी दिला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांपर्यंत वाढवला. विशेषतः औषध सुरू करताना आणि डोस बदलताना घरच्यांनी लक्ष ठेवावं.

योग्य डोस सहा आठवडे नीट घेऊनही काहीच फरक नसेल, तर डोस किंवा औषध बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. पहिल्याच औषधाने पूर्ण बरे होणारे साधारण एक तृतीयांश असतात. उरलेल्यांचं काही चुकलेलं नसतं.

‘सेरोटोनिन तपासून द्या’

अशी तपासणी करण्यात अर्थ नाही. रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही, त्यामुळे त्या आकड्यावरून मनाची अवस्था कळत नाही. ‘नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता’ हे समीकरणही संशोधनाने सिद्ध झालेलं नाही. औषध उपयोगी पडतं म्हणून त्या रसायनाचीच कमतरता होती, असं ठरत नाही.

बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करणं

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. बरं वाटू लागल्यानंतरही गोळी निदान सहा महिने चालू ठेवायला सांगतात. नैराश्य पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याहून जास्त. मधेच एकदम थांबवली की दोन-चार दिवसांत चक्कर, चिडचिड, भडक स्वप्नं आणि डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होऊ शकतं. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, त्यांच्या बाबतीत हा त्रास जास्त. फ्लुऑक्सेटिन आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, म्हणून त्याचा कमी.

मग कुणी म्हणतं व्यसन लागलं, कुणी म्हणतं आजार उलटला. गोळीची तलफ येत नाही, त्यामुळे पहिलं म्हणणं बरोबर नाही. दुसऱ्याची शहानिशा करता येते. आजार उलटतो तो सहसा काही आठवड्यांत हळूहळू, आणि जुनीच लक्षणं घेऊन. गोळी सुटल्याचा त्रास दिवसांत येतो, त्यात आधी कधी न झालेले शारीरिक प्रकार असतात आणि गोळी पुन्हा सुरू केली की तो बहुधा पटकन जातो.

डोस कमी करतानाही एक फसगत होते. नेहमीच्या लहान डोसलाच सेरोटोनिनचे सुमारे ८० टक्के परतीचे रस्ते अडलेले असतात. त्यामुळे मोठा डोस अर्धा केला तरी फारसं जाणवत नाही, आणि शेवटचे थोडे मिलिग्रॅम सोडताना त्रास उसळतो. शेवटच्या पायऱ्या लहान हव्यात, हे डॉक्टरांशी ठरवून घ्या. एखादी गोळी राहिली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

लगेच गुण देणारी गोळी बरी?

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या घाबरेपणावरच्या गोळ्या वेगळ्या वाटेने जातात. मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम ती वाढवतात आणि साधारण तासाभरात घाबरेपणा उतरतो. म्हणून ‘तीच खरी’ वाटते. पण काही आठवड्यांत शरीराला तिची सवय होते, आणि बऱ्याच काळानंतर ती एकदम तोडली तर फिट (आकडी) येऊ शकते. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावतो, जिवावर बेतू शकतं.

दुसऱ्याची गोळी, दुसऱ्या आजाराची गोळी

ओळखीच्या कुणाला लागू पडली म्हणून गोळी मागून घेणं धोक्याचं. बायपोलर आजारात, म्हणजे मूड कधी नैराश्याकडे तर कधी उन्मादाकडे झुकतो त्यात, नुसतं नैराश्याचं औषध घेतल्याने मूड उलट्या टोकाला, उन्मादाकडे जाऊ शकतो.

बायपोलर आजारावरच्या लिथियमच्या बाबतीत तर तासांचा आणि मिलिग्रॅमचाच हिशेब. रक्तातलं प्रमाण बहुधा लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल ठेवतात; १.५ च्या पुढे विषबाधेची भीती. रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी द्यायचं, नाहीतर आकडा दिशाभूल करतो. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं, जुलाब-उलट्या, एकदम मीठ तोडणं, या सगळ्यांनी लिथियम वाढतं. हात जोरात थरथरू लागले, बोलणं अडखळलं, तोल जाऊ लागला तर सरळ हॉस्पिटल.

एसएसआरआय चालू असेल तर ट्रामाडोलसारखं वेदनाशामक किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध विचारल्याशिवाय घेऊ नका. सेरोटोनिन घातक पातळीवर जाऊ शकतं. आणि स्किझोफ्रेनियावरचं क्लोझापिन घेणाऱ्याने सिगारेट जरूर सोडावी, पण आधी डॉक्टरांना सांगून. धूर बंद झाला की यकृत हे औषध हळू मोडतं, रक्तातलं प्रमाण चढतं आणि डोस उतरवावा लागतो.