सिक्लिड घेताना रंग कसा पारखावा

सिक्लिड म्हणजे टाकीत पाळायचे गोड्या पाण्यातले रंगीत मासे. ते घ्यायला दुकानात गेल्यावर आधी टाकीवरचा निळा-गुलाबी दिवा बंद करायला सांगा. साध्या पांढऱ्या उजेडात दिसतो तो माशाचा खरा रंग.

मग नर-मादी आणि वय विचारा. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या सिक्लिडच्या बाबतीत हे विचारल्याशिवाय पैसे देऊच नयेत. त्यातल्या पीकॉक या प्रकाराचे नर निळे, लाल, पिवळे, माद्या मातकट. केन्यी या दुसऱ्या प्रकाराचं वेगळंच: पिल्लं आणि माद्या निळ्या, नर मात्र वाढता वाढता पिवळा होतो, आणि भांडखोर इतका की छोट्या टाकीत बाकीच्यांना जगू देत नाही.

पीकॉकची जेमतेम चार-पाच सेंटिमीटरची पिल्लं असतील आणि टाकीतलं एकूण एक झगमगत असेल, तर ती घेऊ नका. इतक्या लहान वयात सगळ्यांना, त्यातही माद्यांना, रंग चढत नाही. बहुधा हार्मोनचं खाद्य दिलेलं असतं. ते थांबलं की रंग उतरतो. जांभळा किंवा हिरवा पॅरट फिश (हा संकरातून आलेला सिक्लिड) तर मुळीच नको. तो रंग बाहेरून चढवलेला असतो आणि त्यासाठी मासा फार सोसतो. आपण घेतो म्हणून ते चालू राहतं.

फिका मासा मात्र लगेच बाद करू नका. टाकीत दादागिरी करणारा नर खुलतो, दबलेला फिका राहतो. वेगळा ठेवला की तोही खुलतो. थोडा वेळ उभं राहून बघा. पर मिटलेले, पोट खपाटीला गेलेलं, धाप लागलेली असेल तर तो आजारी आहे.

पहिल्यांदाच घेत असाल तर मी मलावीतलाच यलो लॅब हा सिक्लिड सुचवीन. नर-मादी दोघंही पिवळे, स्वभावानं त्यातल्या त्यात शांत. पाठीच्या परावर काळी रेघ स्पष्ट हवी. अंगावर नारिंगी झाक आणि पुसट उभे पट्टे दिसले, तर रेड झेब्रा या मलावीतल्याच दुसऱ्या सिक्लिडशी संकर झाल्याची शंका घ्या. गंमत म्हणजे सरोवरात यलो लॅबच्या जातीचे बरेचसे मासे पांढरट असतात. पिवळे पश्चिम किनाऱ्याच्या छोट्याशा पट्ट्यातच सापडतात.

एक-दोन नको, पाच-सहा पिल्लं एकदम घ्या. पाणी २४ ते २६ अंश, पीएच ८ च्या आसपास. बोअरच्या जड पाण्याला आपण नावं ठेवतो, पण या माशांना ते मानवतं. धरणाचं मऊ पाणी असेल तर टाकीत कोरलची वाळू घाला. पिवळा रंग टिकायला स्पिरुलिनाचं (एका शेवाळाचं) खाद्य द्या.