अ‍ॅलर्जीची गोळी घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

सोलापुरात यंत्रमागावरील सुताचे तंतू, विडीच्या तंबाखूची धूळ, ज्वारीच्या मळणीचा भुसा किंवा मोकळ्या जागेत माजलेले गाजर गवत यांमुळे शिंका, नाक गळणे, डोळे चुरचुरणे असा त्रास सुरू झाला, की मेडिकलमधून गोळी आणली जाते. गोळी साधी असली तरी ती निवडताना पहिला प्रश्न आपल्या कामाचा असावा.

क्लोरफेनिरामिन आणि फेनिरामिन ही जुनी औषधे मेंदूपर्यंत पोहोचून गुंगी आणतात, आणि रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळीही पूर्णपणे उतरलेला नसतो. रात्रपाळीत मागावर उभे राहणाऱ्यांनी आणि पुणे किंवा हैदराबाद रस्त्यावर वाहन चालवणाऱ्यांनी ही औषधे टाळावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. लोराटाडिन व फेक्सोफेनाडिन यांनी झोप क्वचितच येते. सेटिरिझिन आणि लेवोसेटिरिझिन ही औषधे वरील दोन गटांच्या मध्ये बसतात. काहींना त्यांनी चांगलीच पेंग येते, म्हणून पहिली गोळी सुटीच्या आदल्या रात्री घेऊन पाहावी. यांपैकी कोणत्याही गोळीवर मद्य घेऊ नये.

प्रौढांसाठी नेहमीचे प्रमाण दिवसातून एकदा सेटिरिझिन १० मिलिग्रॅम, लेवोसेटिरिझिन ५ मिलिग्रॅम किंवा लोराटाडिन १० मिलिग्रॅम असे असून, यांतील एकच औषध घ्यायचे असते. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबरच घ्यावे, कारण संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतल्यास ते अंगात कमी शोषले जाते. नाक चोंदण्यावर या गोळ्यांचा उपयोग मर्यादित आहे. त्यासाठी गोळ्या वाढवण्याऐवजी डॉक्टरांकडून नाकातील फवारा लिहून घ्यावा. कारखान्यात छाती आवळते, धाप लागते किंवा घरघर होते, तर तो दम्याचा अथवा धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा त्रास असू शकतो आणि त्यावर ही गोळी पुरत नाही.

दुकानदार अनेकदा पट्टीतून दोन-चार गोळ्या कापून देतात आणि औषधाचे नाव व मुदत असलेला भाग त्यांच्याकडेच राहतो. तो भाग अवश्य मागून घ्यावा. पट्टीच्या मागील बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आणि चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठीच्या फेनिलेफ्रिनबरोबर क्लोरफेनिरामिन किंवा तत्सम औषध असतेच, त्यामुळे सर्दीची एक आणि अ‍ॅलर्जीची एक गोळी घेणारा नकळत दुहेरी मात्रा घेतो. क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिन हे मिश्रण ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा छापण्याचे निर्देश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिले आहेत. मोठ्यांची गोळी मोडून लेकराला देण्याची सवय तर कायमचीच सोडावी. मोंटेलुकास्ट हे दमा-अ‍ॅलर्जीवरचे औषध मिसळलेल्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात, कारण काहींना त्याने चिडचिड, नैराश्य किंवा वाईट स्वप्ने असा त्रास होतो.

मूत्रपिंडाचा विकार, काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ, गर्भारपण किंवा अंगावर पाजणे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. वृद्धांना क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या औषधांनी लघवी अडणे, भ्रम होणे, तोल जाऊन पडणे हे धोके अधिक असतात.

शेंगदाणा, एखादे औषध किंवा मधमाशीचा दंश यांनंतर ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास अडला किंवा चक्कर येऊ लागली, तर गोळीचा परिणाम होण्याची वाट पाहू नये. तेव्हा अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शनच जीव वाचवते. १०८ ला फोन करावा, रुग्णाला उभे न करता पाय उंचावून झोपवावे, धाप लागत असेल तर बसते ठेवावे, आणि छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय किंवा जवळचे चोवीस तास सुरू असणारे रुग्णालय गाठावे.

अनेक महिने रोज सेटिरिझिन किंवा लेवोसेटिरिझिन घेऊन ते अचानक थांबवल्यावर काहींना काही दिवसांत अंगभर तीव्र खाज सुटते. अशा वेळी गोळी कशी कमी करावी हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. त्वचेवरची अ‍ॅलर्जी चाचणी करायची असल्यास गोळी किती दिवस आधी बंद ठेवायची, हेही त्यांनाच विचारावे, कारण औषध अंगात असताना चाचणीचा निकाल चुकीचा येतो.