बंद युनिटची जागा विकताना या चुका टाळा

युनिट बंद करून जागा विकायची ठरली की बहुतेक कंपन्या आधी दलालाला फोन करतात आणि फाइल नंतर शोधतात. औद्योगिक मालमत्तांच्या कामात हा उलटा क्रम मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता त्याविषयी स्पष्ट लिहिणे मला भाग आहे.

एमआयडीसीचा भूखंड कंपनीच्या मालकीचा नसतो. तो सहसा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो, म्हणून आपण विकतो ते उरलेल्या मुदतीचे हक्क आणि वरचे बांधकाम. त्यासाठी महामंडळाची पूर्वसंमती घ्यावी लागते व हस्तांतरण शुल्क भरावे लागते. हे शुल्क कोणी भरायचे, हे दर ठरण्यापूर्वीच लिहून घ्यावे.

नाशिकच्या सातपूर वसाहतीतील एका व्यवहारात दर ठरला, इसारही झाला, आणि मग खरेदीदाराच्या वकिलाने कंपनी निबंधकाकडील नोंदी तपासल्या, तेव्हा फार पूर्वी फेडलेल्या कर्जाचा बोजा तिथे तसाच उभा असल्याचे दिसले. कर्ज फिटले होते, पण बोजा उतरल्याचा अर्ज कोणी भरलाच नव्हता. मूळ भाडेपट्टा बँकेच्या ज्या शाखेत होता, ती एव्हाना दुसऱ्या शाखेत विलीन झाली होती. त्यातच मागची वाढीव शेड मंजूर नकाशात नसल्याचे उघड झाले. हे सारे निस्तरण्यात अकरा महिने गेले आणि तोवर खरेदीदाराने इसार परत घेऊन सिन्नरला जागा घेतली. ती घाई मी वेळीच थांबवली नाही, याची खंत मला आजही आहे.

तेव्हापासून बोजांच्या नोंदी पाहिल्याशिवाय, मूळ दस्त (झेरॉक्स नव्हे) हातात घेतल्याशिवाय आणि मंजूर नकाशा व टेप घेऊन शेड स्वतः फिरल्याशिवाय मी जाहिरात देऊ देत नाही. नव्या मंडळींना हे वेळखाऊ वाटते; त्यांची ही अधीरता मला मान्य नाही.

ठाणे, पिंपरीसारख्या शहरांतील खासगी जमिनीवर नागरी जमीन कमाल धारणा कायद्याच्या कलम २० ची सवलत (मर्यादेपेक्षा जास्त जमीन अटींवर ठेवण्याची मुभा) घेतलेली असेल, तर कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये रद्द झाला म्हणून निर्धास्त राहू नये, कारण सवलतीचे आदेश कायदा रद्द करतानाही अबाधित ठेवलेले आहेत.

विम्याकडे तर कोणाचेच लक्ष नसते. प्रचलित आगविमा पॉलिसींत इमारत ३० दिवसांहून अधिक काळ रिकामी राहिल्यास संरक्षण थांबण्याची अट असते, म्हणून कुलूप लावण्याआधीच विमा कंपनीची लेखी संमती घ्यावी.

बिल वाचवण्यासाठी वीजजोडणी कायमची तोडू नये. मंजूर मागणी, म्हणजे वीज कंपनीकडून मंजूर असलेला कमाल वीजभार, कमी करून घ्यावी, म्हणजे पंप, दिवे आणि पहारेकऱ्याची खोली चालू राहते आणि खरेदीदाराला जागा उजेडात दाखवता येते.