चौथ्या तासाला पेंगणाऱ्या मुलाचा डबा

रात्री साडेआठला जेवलेलं मूल सकाळच्या शाळेत साडेनऊच्या सुट्टीला डबा उघडतं, तेव्हा पोटात नीट अन्न जाऊन तेरा तास झालेले असतात. मधला चहा-बिस्किटांचा घास जेवणात धरू नका. मोठ्या माणसाचा मेंदू वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतली सुमारे २० टक्के तोच खातो. मुलांत हा वाटा आणखी मोठा. तेव्हा ‘लक्ष नसतं’, ‘फळ्यावरचं अर्धंच उतरवतो’ अशी तक्रार आली, की शिकवणी लावण्याआधी दोन आठवडे सकाळचं खाणं बदलून पाहा. स्मरणशक्तीच्या पावडरींवर पैसे घालवू नका.

सहा वाजता मुलांना भूक नसते, हे खरं. त्याचं कारण पुष्कळदा आदल्या रात्रीच्या उशिरा जेवणात असतं. ते साडेसातवर आणा. सकाळी आधी पाणी, मग एक केळं आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे, किंवा राजगिऱ्याचा लाडू आणि अर्धा कप दूध. नुसतं दूध पिऊन पाठवलं तर दोन तासांत पोट पुन्हा रिकामं.

डब्यात कांदेपोहे चालतात, फक्त ते नुसते पिवळे पोहे नकोत. एका मुलासाठी ५० ग्रॅम जाडे पोहे, २० ग्रॅम शेंगदाणे, अर्धी वाटी वाफवलेले मोडाचे मूग, अर्धा कांदा, दोन चमचे तेल. यातून साधारण दहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. मूग आठ तास भिजवून फडक्यात बांधून ठेवले की दुसऱ्या दिवशी मोड तयार. पोहे चाळणीत धुऊन पाच मिनिटं निथळू द्या. पाण्यात बुडवून ठेवले तर गोळा होतो. लिंबू कढईत पिळू नका, उष्णतेने त्यातलं क जीवनसत्त्व कमी होतं. फोड वेगळ्या डबीत द्या, मूल खाताना पिळेल. गरम पोह्यांवर झाकण घट्ट लावलं की वाफेचं पाणी परत पोह्यांवर पडतं आणि लगदा होतो. दहा मिनिटं ताटात पसरा, मग भरा. पोळीचंही तेच.

इतर दिवशी भाजणीचं थालीपीठ, मुगाचं धिरडं, अंड्याची पोळी. शाळेत शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल असेल तर दाणे टाळून हरभऱ्याची उसळ घाला. पहिली ते पाचवीच्या शालेय पोषण आहाराचं माप ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असं आहे. शाळेत तो मिळत असेल तर घरचा डबा लहान ठेवा, म्हणजे खिचडी उरत नाही.

पण सगळं खाऊनही मूल मरगळलेलं असेल, जिना चढताना धापत असेल, पाटीची पेन्सिल, माती किंवा कच्चे तांदूळ खात असेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासा. पाच ते अकरा वर्षांच्या मुलात ते ११.५ च्या खाली असेल तर रक्तक्षय आहे. लोह कमी पडलं की लक्ष आणि शिकणं दोन्ही मंदावतं, आणि हे निव्वळ आळस समजून मुलाला बोलणी बसतात. शाळेत आठवड्याला मिळणारी गुलाबी गोळी (४५ मिलिग्रॅम लोह, पाच ते नऊ वर्षांसाठी) चुकवू नका. दहा वर्षांपुढे ती निळी, ६० मिलिग्रॅमची. गोळी जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत द्यावी, दूध-चहासोबत नाही. शौच काळसर झाली तर घाबरू नका. जंताची गोळीही घेतलेली असावी, नाहीतर दिलेलं लोह जंतांकडे जातं. औषधाच्या दुकानातून लोहाची बाटली आणून मनाने पाजणं मात्र धोक्याचं: जास्त झालं तर विषबाधा होते.

चहा जेवणापासून तासभर लांब, किंवा बंदच. पालेभाजी किंवा डाळ लोखंडी कढईत शिजवा, टोमॅटो-चिंच घातली तर लोह जास्त उतरतं. मात्र शिजलं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर भाजी काळी पडते.

घरी आल्यावर डबा आणि बाटली दोन्ही उघडून पाहा. भरलेली बाटली परत आली तर मूल शाळेतलं स्वच्छतागृह टाळतंय का ते विचारा. मुली त्याच कारणाने पाणी पीत नाहीत. मूग उरले आणि पोहे संपले असतील तर उद्या मूग वाटून धिरड्यात घाला.